न आलेलं निमंत्रण

आमच्या मोठीकडे सॅन फ्रान्सिस्कोला येऊन आता दीड महिना झाला. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच माझा सकाळचा फिरायचा रस्ता ठरून गेला. घरातून निघायचं, गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यावर केझार स्टेडियम आहे तिथल्या धावपट्टीवर सहा फेऱ्या मारायच्या, आणि दम राहिला असेल तर टेकडीवरच्या जोडमनोऱ्यांच्या चर्चपर्यंत जाऊन यायचं. स्टेडियम सगळ्यांना खुलं आहे. पहाटेच्या धुक्यात चिनी आजीबाई, कुत्रेवाले, कॉलेजची पोरं आणि कानटोपी घातलेला मी, असा आमचा मेळा असतो.

या मैदानाला बॉब सेंट क्लेअर असं नाव दिलेलं आहे. हे कोण बुवा, म्हणून जावईबापूंना विचारलं. ते म्हणाले, "जुने फुटबॉलपटू, बाबा. फोर्टीनाइनर्सकडून खेळायचे." तेवढ्यावर माझं समाधान होणार नाही हे घरच्यांना ठाऊक आहेच. वाचायला बसलो, आणि सेंट क्लेअर राहिले बाजूला, त्यांच्या कॉलेजच्या एका मोसमात अडकलो. गेले पंधरा दिवस तो मोसम डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज इथे लिहितोय. शेवटी थोडं माझंही सांगणार आहे, जे आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आधी थोडं व्याकरण. हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन. चेंडू दोन्हीकडून टोकदार, अंगावर चिलखत, आणि चेंडू घेऊन समोरच्या हद्दीत घुसलं की टचडाउन, म्हणजे सहा गुण. कितीही वेळा पाहिला तरी मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण या गोष्टीसाठी तेवढं पुरे.

त्या जोडमनोऱ्यांच्या चर्चला लागूनच युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को आहे. जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये काढलेलं कॉलेज. त्यांच्या संघाचं नाव डॉन्स. आपल्याला डॉन म्हटलं की अमिताभ आठवतो, पण हा डॉन म्हणजे स्पॅनिश सरदार. १९५१ साली या छोट्या कॉलेजचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. घरचं मैदान हेच, माझ्या फेऱ्यांचं केझार. जुनं स्टेडियम अवाढव्य होतं, ते १९८९ मध्ये पाडलं. आताचं त्याच जागी बांधलेलं, पण लहान.

संघ कसला होता म्हणता! पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेलेले तिघे जण या एकाच कॉलेजसंघात होते. पहिला ऑली मॅटसन. जन्म टेक्ससमधला, शाळा सॅन फ्रान्सिस्कोतली. त्या मोसमात चेंडू घेऊन धावण्यात तो अख्ख्या देशात पहिला होता : १,५६६ यार्ड आणि २१ टचडाउन. दुसरा जिनो मार्केटी. इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला. तिसरे आमचे सेंट क्लेअर, उंची सहा फूट नऊ इंच, आणि मांस कच्चं खायचे म्हणून प्रसिद्ध. (हे मी नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवलं आणि घरच्यांनी मला तिथून उठवलं.) शिवाय बर्ल टोलर नावाचा एक जबरदस्त बचावपटू होता, टेनेसीतल्या मेम्फिसहून आलेला. प्रशिक्षक जो कुहारिच. आणि संघाची प्रसिद्धी बघायला पंचविशीतला एक पोरगा, पीट रोझेल. हाच रोझेल पुढे १९६० ते १९८९ एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा सर्वेसर्वा झाला.

पहिल्या सामन्यात त्यांनी सॅन होजे स्टेटला ३९-२ असं धुतलं. ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमला ३२-२६ नं हरवलं. पूर्वेकडच्या पत्रकारांनी मॅटसनला पाहिलं ते तिथे, आणि त्या दिवशी त्यानं दोन किकऑफ थेट टचडाउनपर्यंत नेले. नोव्हेंबरात स्टॉकटनला कॉलेज ऑफ पॅसिफिकवर ४७-१४. शेवटचा सामना लोयोलाशी, २०-२. खेळ संपला. देशाच्या क्रमवारीत चौदावा नंबर. आता वाट बघायची ती निमंत्रणाची.

हे निमंत्रण प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. तेव्हा कॉलेज फुटबॉलला आजच्यासारख्या बाद फेऱ्या नव्हत्या. मोसम संपला की नववर्षाच्या सुमाराला 'बोल' नावाचे सामने व्हायचे. पॅसाडिनाला रोझ बोल, मायामीला ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बोल, जॅक्सनव्हिलला गेटर बोल. हे सामने त्या त्या गावातल्या प्रतिष्ठितांची समिती भरवायची. थंडीत पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत, गावाचं नाव व्हावं, हा हेतू. कुणाला बोलवायचं हे समिती ठरवणार. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना कुठला मल्ल आणायचा हे पंच ठरवतात, तसंच काहीसं. बोलावणं आलं तर कॉलेजला घसघशीत रक्कम मिळायची. रोझ बोलचा दरवाजा बंदच होता, कारण तिथे दोन ठरावीक संघटनांच्या कॉलेजांचा करार होता आणि डॉन्स कुठल्याच संघटनेत नव्हते. म्हणजे आशा उरली दक्षिणेकडच्या बोलची.

आणि दक्षिण म्हणजे तेव्हाची दक्षिण. हॉटेलं वेगळी, बसमधली बाकडी वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. मॅटसन आणि टोलर काळे होते. संघात बाकी सगळे गोरे.

मोसमाच्या शेवटी संघाला जे कळलं ते असं : बोलावणं येऊ शकतं, पण त्या दोघांना घरी ठेवून यावं लागेल. संघानं नाही म्हटलं. खेळाडूंनी नंतर अनेकदा सांगितलेल्या हकिकतीत मतदान नाही, बैठक नाही, चर्चा नाही. विचारलं आणि सगळ्यांनी नाही म्हटलं, एवढंच. निमंत्रण आलं नाही. ऑरेंज बोलला जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले, शुगर बोलला मेरिलँड आणि टेनेसी, गेटर बोलला मायामी आणि क्लेमसन.

इथे इतिहास वाचणाऱ्यानं जरा थबकायला हवं. ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः खेळाडूंच्या तोंडून. उघडपणे दिलं गेलेलं कारण निराळंच : डॉन्सचे प्रतिस्पर्धी कच्चे होते. आणि ते अगदीच खोटं नाही. नऊ सामन्यांत सॅन होजे स्टेटशीच दोनदा गाठ पडली होती, आणि कॅम्प पेंडल्टनसारखे लष्करी तळांचे संघही यादीत होते. तेव्हा कुणी म्हणेल, कशावरून रंगामुळेच डावललं?

मी यावर बराच विचार केला. एक तर, ज्या पॅसिफिकला डॉन्सनी ४७-१४ नं लोळवलं, त्यांना टेक्ससमधल्या एल पासोच्या सन बोलचं बोलावणं आलं. म्हणजे कच्चेपणाचा नियम सगळीकडे सारखा नव्हता. पण त्याच पॅसिफिक संघात एडी मेकन हा काळा खेळाडू होता, हेही सांगायलाच हवं. त्याआधी १९४८ च्या जानेवारीत डॅलसच्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेटचा संघ दोन काळ्या खेळाडूंसकट खेळला होता आणि सामना १३-१३ बरोबरीत सुटला होता. म्हणजे दक्षिणेकडेसुद्धा बोलवायचं मनात असेल तर बोलवता येत होतं, आभाळ कोसळत नव्हतं. प्रश्न इच्छेचा होता.

आणि दुसरं म्हणजे, डावलणाऱ्याला कागद करावा लागत नाही. बोलावलं तर पत्र निघतं, तार जाते, तारीख पडते. न बोलावण्याची नोंद कुठल्या दप्तरात असणार? आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणाच्या याद्या करताना कोणाचं नाव वगळलं हे कुणी लिहून ठेवतं का? अशा गोष्टी फक्त वगळलेल्याला आठवतात. म्हणून अशा वेळी खेळाडूंची तोंडी साक्ष हाच माझ्या मते मोठा पुरावा.

वातावरण कसं होतं त्याची एक गोष्ट मात्र कागदावर, चक्क फोटोत आहे. त्याच मोसमात, २० ऑक्टोबर १९५१ ला, ओक्लाहोमात ड्रेक युनिव्हर्सिटीचा काळा खेळाडू जॉनी ब्राइट याला प्रतिस्पर्ध्यानं, तो खेळापासून लांब उभा असताना, जबडा मोडेपर्यंत मारलं. एका वर्तमानपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी ते क्रमानं टिपलं आणि त्या फोटोंना १९५२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मॅटसनचा मार बसला तो असा दिसण्यासारखा नव्हता. देशात सगळ्यांत जास्त धावलेला हा गडी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकासाठी नवव्या क्रमांकावर राहिला.

नकाराची किंमत काय पडली? १९५१ च्या मोसमानंतर कॉलेजनं फुटबॉल बंद करून टाकला. आता हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की एका निमंत्रणामुळे फुटबॉल वाचला असता असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. खर्च परवडत नव्हता. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजनं १९५० नंतरच बंद केला होता, सांता क्लारानं १९५२ नंतर केला. पण बोलचे पैसे आले असते तर निदान आणखी काही वर्षं ढकलता आली असती, असं खेळाडूंना वाटत राहिलं. पुढे कॉलेजात फुटबॉल छोट्या प्रमाणावर आला आणि गेला, पण तो दर्जा परत आला नाही. सेंट क्लेअर यांचं तर एक वर्ष शिल्लक होतं. त्यांना शेवटच्या मोसमासाठी तुल्साला जावं लागलं.

माणसं मात्र मोठी झाली. मॅटसननं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला कांस्य आणि ४x४०० रिलेत रौप्य मिळवलं. (त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं. दोघे एकाच वेळी त्या गावात होते, या विचारानं मला उगाच बरं वाटलं.) १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी मॅटसनला घेताना बदल्यात नऊ जण दिले, आणि तो सौदा करणारा होता तोच प्रसिद्धीवाला पोरगा, रोझेल. टोलरचा गुडघा १९५२ मध्येच एका सामन्यात कायमचा गेला, व्यावसायिक खेळणं राहून गेलं. त्यानं हार खाल्ली नाही. शिक्षक झाला, याच शहरात शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला काळा पंच झाला. १९८० च्या सुपर बोलमध्ये तो पंच होता. ज्याला एका बोलमध्ये खेळू दिलं नाही, तो सगळ्यांत मोठ्या बोलमध्ये निर्णय देत होता.

२००६ मध्ये युनिव्हर्सिटीनं त्या संघाला मानद डॉक्टरेट दिली. टोलर २००९ मध्ये गेले, मॅटसन २०११ मध्ये, सेंट क्लेअर २०१५ मध्ये, मार्केटी २०१९ मध्ये. आणि २०१७ मध्ये एक छान गोष्ट झाली. कॅम्पसवरच्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचं नाव होतं. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर होते, पुढे सिनेटर झाले, आणि १९२० मध्ये 'कॅलिफोर्निया गोरं ठेवा' अशा घोषणेवर निवडणूक लढले होते. त्यांचा रोख आशियातून आलेल्या माणसांवर होता. विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि ते नाव काढून वसतिगृहाला बर्ल टोलर यांचं नाव दिलं गेलं. परवा मी मुद्दाम तिथपर्यंत चढून गेलो. दारात पोरं पिझ्झाचे खोके घेऊन ये-जा करत होती. त्यांत आपल्यासारखे चेहरेही पुष्कळ होते.

आता माझं.

मी कॉलेजात कबड्डी खेळायचो हे सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी ढाल कशी जिंकली वगैरे मी इतकं सांगितलंय की मुलं कान बंद करतात. एक गोष्ट मात्र गाळत आलो. दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा एका तालुक्याच्या गावी स्पर्धेला गेलो होतो. दुपारचं जेवण एका बड्या घरी होतं. आम्ही बारा जण. सोप्यात पंगत मांडलेली. यजमान दारात उभे राहून कौतुकानं एकेकाचं नाव विचारत होते. नाव सांगितलं की, "आडनाव?" आमच्यातल्या एकानं आडनाव सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. आमच्या कॅप्टनला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्यांचं पान बाहेर पडवीत मांडलं तर चालेल ना?"

कॅप्टननं आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. किती वेळ गेला असेल? पाच सेकंद, दहा सेकंद. आणि मग तो स्वतःच म्हणाला, "मला भूक नाहीये रे. मी जरा स्टँडवर जाऊन चहा पिऊन येतो. तुम्ही जेवा."

आम्ही जेवलो. मटकीची उसळ होती, शिरा होता. मी शिरा दुसऱ्यांदा घेतला. संध्याकाळी त्यानं रिकाम्या पोटी जीव तोडून पकडी केल्या, आम्ही जिंकलो, आणि परतीच्या एसटीत तोही आमच्याबरोबर गाणी म्हणत होता. त्या दुपारबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. तोही नाही, आम्हीही नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्याला खरंच भूक नसेल. किंवा, आम्ही पोरं होतो, परक्या गावात काय करणार. डॉन्सची गोष्ट वाचल्यापासून ही पळवाट बंद झाली. तीही पोरंच होती. त्यांच्यासमोर तर ताटाऐवजी आयुष्यात एकदाच येणारा सामना होता. जिंकण्याची हाव आमच्यापेक्षा कमी नव्हती, आणि त्यांच्या देशातला कायदा तर उलट बाजूला उभा होता. आमच्या बाजूला निदान घटना होती.

लोक या संघाचं कौतुक करतात ते त्यांनी सामना सोडला म्हणून. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. त्यांनी इतक्या झटक्यात नाही म्हटलं की मॅटसन आणि टोलर यांना, "तुम्ही जा, आमची काळजी करू नका," असं म्हणायची पाळी आली नाही. ते वाक्य फार वाईट असतं. ज्याचा अपमान झालाय त्यानंच बाकीच्यांना लाजेपासून सोडवायचं. आमच्या मित्रानं ते आमच्यासाठी केलं. आम्ही दहा सेकंद गप्प राहिलो, म्हणून त्याला ते करावं लागलं.

तो मित्र आहे. सांगलीकडे असतो, निवृत्त झालाय, नातवंडांत रमलाय. दिवाळीला आमचे मेसेज होतात. गेल्या आठवड्यात एकदा त्याचा नंबर काढून बसलो होतो, पण इथली सकाळ म्हणजे तिकडची रात्र, म्हणून राहिलं. खरं सांगायचं तर वेळेचं निमित्तच होतं. चाळीस वर्षांनी काय म्हणणार? त्याला आठवत नसेल तर उगाच खपली काढल्यासारखं होईल. आणि आठवत असेल तर, आणि आठवत असणारच, एवढी वर्षं का थांबलास असं त्यानं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी करणार आहे. इथे लिहून टाकलं की आता मागे फिरता येणार नाही, हाही लिहिण्याचा एक हेतू. रविवारी इथली संध्याकाळ म्हणजे त्याची सोमवारची सकाळ, तेव्हा लावतो.

असो. उद्या सकाळी पुन्हा केझारच्या सहा फेऱ्या आहेतच.